चॉकलेटचे फ्रॉस्टिंग आणि देवनहळ्ळीची हवा

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर वसलेले देवनहळ्ळी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून, आणि हल्लीच्या प्रवाशास २००८ साली या परिसरात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे परिचित असते. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी माणसाचे या पठाराशी नाते जडलेले आहे. आणि आज नोकरीच्या निमित्ताने ज्या मराठी कुटुंबांनी विमानतळाच्या आसपासच्या नव्या वसाहतींत बिऱ्हाड थाटले आहे, त्यांच्यापैकी ज्यांना घरी केक करण्याची हौस आहे, त्यांच्या दृष्टीने या स्थळाचा आणखी एक गुण विशेष मोलाचा आहे. तो गुण म्हणजे येथील हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या प्रदेशात उन्हाळ्याचे दोन-तीन महिने वगळले, तर ओट्यावर काढून ठेवलेले लोणी विरघळून तेलकट होत नाही आणि ताठ होऊन हट्टालाही पेटत नाही. आणि चॉकलेटच्या फ्रॉस्टिंगचे बहुतेक यशापयश लोण्याच्या या मधल्या अवस्थेवरच अवलंबून असल्यामुळे, मुंबईच्या दमट किंवा नागपूरच्या तप्त स्वयंपाकघरात जे साधण्यासाठी नाना खटपटी कराव्या लागतात, ते येथे सहजासहजी साध्य होते.

असे असूनही घरच्या केकवरील फ्रॉस्टिंग बिघडल्याच्या कैफियती येथेही पुष्कळ ऐकू येतात: कुठे ते रवाळ लागते, कुठे फाटते, कुठे केकच्या कडेवरून हळूहळू खाली उतरते. याचे कारण करणाऱ्याच्या हाताला गुण नाही असे मानण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि ती मला सर्वस्वी अन्यायाची वाटते. दोष खरे तर कृतींचा असतो. आपण ज्या छापील कृती वापरतो त्या बहुतांशी परदेशातील लोणी, परदेशातील साय, तेथील साखर आणि तेथील समुद्रकिनारी शहरांची उंची गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आपल्या दुकानात मिळणारे जिन्नस नावाने तेच असले तरी घटकांनी ते नसतात, आणि त्यांचा फरक हिशेबात न घेता आकडे जसेच्या तसे उतरवून घेतले, तर कुशल गृहिणीचीही फसगत व्हावी यात नवल नाही.

मुळात फ्रॉस्टिंग म्हणजे स्निग्ध पदार्थ, साखर, पाणी आणि हवा या चार गोष्टींचा समतोल होय. लोणी हे वरवर एकजीव दिसत असले तरी त्यात चरबीच्या पोटात पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. ते फेटले म्हणजे त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, साखरेचे कण त्या बुडबुड्यांना आधार देतात आणि त्यांतील काही साखर त्या पाण्याच्या थेंबांत विरघळून दाट पाक होते. जोवर पाण्याचे हे थेंब चरबीने वेढलेले राहतात, तोवर फ्रॉस्टिंग गुळगुळीत व चकचकीत राहते. पाणी प्रमाणाबाहेर गेले, किंवा चरबी इतकी थंड झाली की तिला ते थेंब कवेत घेता येईनासे झाले, म्हणजे पाणी सुटते आणि मिश्रण फाटल्यासारखे दिसते. हे एकदा ध्यानात आले की बिघडलेले फ्रॉस्टिंग टाकून देण्याचा प्रसंग क्वचितच येतो. फाटलेले मिश्रण कोमट पाण्याच्या भांड्यावर क्षणभर धरून पुन्हा फेटावे, आणि पातळ झालेले दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मग फेटावे, एवढ्याने बहुधा काम होते.

मापाची बाब थोडक्यात सांगतो. कपाच्या मापाला शिस्त लावण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या फॅनी फार्मर यांचे बोस्टनमधील पाकशाळेचे पुस्तक १८९६ सालचे. त्या काळी घरोघरी वजनकाटे नव्हते, म्हणून सपाट भरलेल्या कपाची तजवीज त्यांनी केली आणि अमेरिकेने ती अद्याप सोडलेली नाही. परंतु एक कप लोणी सुमारे २२७ ग्रॅम, तर एक कप पिठीसाखर सुमारे १२० ग्रॅम भरते, आणि कोको पावडर तर चाळलेली की दाबलेली यावर कमीजास्त होते. आपल्या घरातील वाट्यांचे आकार तर घराघरांत निराळे. सबब फ्रॉस्टिंगसाठी एक लहानसा वजनकाटा घेणे, हा खर्च मी कोणत्याही साच्यापेक्षा किंवा नोझलपेक्षा आधी करण्याजोगा समजतो.

आता जिन्नसांकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या बटरमध्ये कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी १६ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. खारवलेल्या पिवळ्या बटरमध्ये मिठाचे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि पोळीवर जे मीठ रुचकर लागते तेच गोड फ्रॉस्टिंगमध्ये जिभेवर खटकते, म्हणून बिनमिठाचे बटर निवडावे. ज्यांच्या घरी सायीला विरजण लावून ताक घुसळण्याचा परिपाठ चालू आहे, त्यांनी घरचे लोणी वापरण्यास काहीच हरकत नाही. किंबहुना त्याची किंचित आंबूस चव कोकोशी फार सुरेख जुळते. मात्र घरच्या लोण्यात पाणी व ताक पाकिटातील बटरपेक्षा अधिक असते, म्हणून ते थंड पाण्याने, पाणी निवळ निघेपर्यंत, तीन-चार वेळा धुवावे, हाताने दाबून दाबून त्यातील पाणी काढावे आणि कृतीतील दुधात तेवढी वजावट करावी. तूप मात्र या कामी चालत नाही. कढवताना त्यातील पाणी उडून गेलेले असते, निवल्यावर त्याचा रवा धरतो आणि साखर विरघळण्यास जागाच उरत नाही. त्यामुळे तुपाचे फ्रॉस्टिंग टाळूला चिकटते आणि रेताड लागते.

साखरेच्या बाबतीत तर दोष जवळजवळ सर्वत्र एकच असतो. चांगले चॉकलेट यंत्रात इतके बारीक दळलेले असते की त्यातील कण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे उरतात, आणि याहून फारसे मोठे कण जिभेला जाणवू लागतात. मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर डोळ्यांना कितीही तलम दिसली तरी तिच्यात याच्या कितीतरी पटींनी मोठे कण असतात. म्हणून घरी दळताना शंभर ग्रॅम साखरेमागे एक चमचा कॉर्नफ्लोअर घालावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि दळल्यावर ती मलमलीच्या फडक्यातून चाळावी. फडक्यावर जे उरेल ते पुन्हा दळावे. त्याची हयगय केली की पुढे कितीही फेटले तरी ती कसर भरून निघत नाही.

कोकोची कथा जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यात मूळ असलेल्या या झाडाच्या बीमध्ये निम्म्याहून अधिक चरबी असते, आणि ती चरबी दाबाने वेगळी काढण्याचे तंत्र हॉलंडमधील व्हान हौटेन यांच्या कारखान्यात १८२८ साली पेटंट झाले, तेव्हापासून कोको पावडर आणि कोको बटर या दोन स्वतंत्र वस्तू जगास मिळाल्या. त्याच घराण्याच्या नावाशी निगडित असलेली दुसरी युक्ती म्हणजे कोकोवर सौम्य क्षाराची प्रक्रिया करणे. तिने कोकोचा आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि चव मऊ होते. केकच्या पिठात सोडा असेल तेव्हा या दोन प्रकारच्या कोकोंची अदलाबदल विचाराने करावी लागते, परंतु फ्रॉस्टिंगमध्ये सोड्याचा संबंध नसल्यामुळे येथे दोन्हींची मुभा आहे. ज्याला काळसर रंग आणि सौम्य चव हवी त्याने क्षारयुक्त कोको घ्यावा, ज्याला फळासारखी आंबट झाक आवडते त्याने साधा घ्यावा.

देवनहळ्ळीतील वाचकास याहून जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. याच कर्नाटकाच्या पश्चिम किनारपट्टीत, दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुपारीच्या बागांत सुपारीच्या सावलीत कोकोची झाडे वाढतात. सुपारी-उत्पादकांच्या संरक्षणासाठी १९७३ साली मंगळूर येथे स्थापन झालेल्या कॅम्पको या सहकारी संस्थेने, कोकोचे भाव कोसळून शेतकरी अडचणीत आले तेव्हा त्यांचा माल खरेदी करण्याची जबाबदारी अंगावर घेतली, आणि १९८६ साली पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. सहकाराच्या चळवळीत वाढलेल्या महाराष्ट्राच्या वाचकास या घटनेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. सुपारीच्या बागाइतदारांनी स्वतःच्या भांडवलावर चॉकलेटचा कारखाना काढावा आणि तो टिकवून दाखवावा, ही मला साखर कारखान्यांच्या इतिहासाइतकीच अभिमानास्पद गोष्ट वाटते. आणि जो कोको घाट चढून आपल्याच राज्यातून येतो तो आपल्या केकवर यावा, यात औचित्य आहे.

चॉकलेटची वडी विकत घेताना मात्र पाकिटावरील बारीक अक्षरातील घटकांची यादी वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. ज्यास बाजारात ‘कंपाउंड’ म्हणतात त्या चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी, बहुधा पामच्या गरापासून काढलेली, वापरलेली असते. ती उष्णतेत टिकते, स्वस्त पडते आणि तिला साच्यात घालण्यापूर्वी काही विशेष संस्कार करावे लागत नाहीत. म्हणून सजावटीची पाने-फुले करण्यास ती सोयीची आहे. परंतु कोको बटरचा खरा गुण असा की ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली वितळते, आणि त्यामुळे हातात घट्ट राहणारे चॉकलेट तोंडात जाताच पाणी होते. हा गुण कंपाउंडला नाही. फ्रॉस्टिंगमध्ये त्याचा एक मेणचट थर टाळूवर राहतो. जेथे चव हाच हेतू आहे तेथे ज्याच्या यादीत कोको बटर आहे असेच चॉकलेट घ्यावे, मग ते थोडे कमी घेतले तरी चालेल.

बारा कपकेकांना, किंवा सात इंची दोन थरांच्या एका केकला पुरेल असे फ्रॉस्टिंग करावयाचे असल्यास २०० ग्रॅम बिनमिठाचे बटर, २५० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम कोको, १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, चार मोठे चमचे कडकडीत गरम दूध आणि चिमूटभर मीठ एवढे जिन्नस लागतात. कोको कधीही कोरडा घालू नये. तो आधी गरम दुधात कालवून त्याची पेस्ट करावी, कारण उष्णता व ओलावा यांनी त्यातील सुगंध मोकळा होतो आणि गुठळ्याही राहत नाहीत. ज्या प्रांतात सकाळी घरोघरी फिल्टर कॉफीचे डिकॉक्शन तयार असते, तेथे दुधाऐवजी निम्मे डिकॉक्शन घालण्याचा मोह आवरण्याचे कारण नाही. एवढ्या अल्प प्रमाणात कॉफीची चव ओळखू येत नाही, पण तिच्या कडवटपणाने चॉकलेटची चव अधिक खोल लागते. ही पेस्ट आणि डबल बॉयलरवर वितळवलेले चॉकलेट, दोन्ही बोट लावले असता कोमटही लागणार नाहीत इतकी निवू द्यावीत. चॉकलेट वितळवताना भांड्यात वाफेचा एक थेंबही जाऊ देऊ नये, कारण थोडेसे पाणी लागताच त्यातील साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सारा गोळा घट्ट होऊन बसतो.

बटरची परीक्षा बोटाने करावी. दाबले असता खळगा पडला पाहिजे, पण बोटावर चकाकी येता कामा नये. हे सुमारे १८ ते २० अंशांचे लक्षण. मग ते एकटेच बीटरने पाच मिनिटे फेटावे. पहिल्या मिनिटाला ते भांड्याच्या कडेला चिकटून बसते आणि कडा पुसून मध्ये आणावे लागते. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास पिवळा रंग उतरू लागतो. पाचव्या मिनिटास ते जवळजवळ पांढरे झालेले असते आणि बीटरच्या पात्यांमागे उमटलेल्या रेषा मोडत नाहीत. ही पाच मिनिटे वाचवण्याची घाई हेच जड, चिकट फ्रॉस्टिंगचे सर्वांत मोठे कारण आहे. यानंतर साखर व मीठ तीन हप्त्यांत, मग कोकोची पेस्ट, आणि शेवटी चॉकलेट धारेने घालत बीटर मंद चालवावा, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून पोत मखमली होतो. केकवर आधी एक पातळ थर लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे सुटे कण त्यात अडकून राहतात, आणि मग पॅलेट नाइफने मुख्य थर द्यावा.

गनाश हा याहून सोपा प्रकार. गरम साय चिरलेल्या चॉकलेटवर ओतून ढवळली की झाले. परंतु येथेही आकड्यांची फसवणूक आहेच. परदेशी कृतींत साय व चॉकलेट समभाग सांगितलेले असतात ते ३५ टक्के स्निग्धांशाच्या सायीसाठी. आपल्याकडे डब्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश सामान्यतः २५ टक्के असतो, म्हणजे पाणी अधिक असते. सबब ओतण्याजोग्या गनाशसाठी १०० ग्रॅम क्रीमला १५० ग्रॅम, आणि सुरीने लावण्याजोग्यासाठी २०० ग्रॅम चॉकलेट धरावे.

जेथे साखरेचा पाक करावा लागतो त्या फ्रॉस्टिंगमध्ये तर देवनहळ्ळीच्या उंचीचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. साधारणतः दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणून मुंबईत १०० अंशांना उकळणारे पाणी येथे सुमारे ९७ अंशांनाच उकळते, आणि पाकाचे सर्व टप्पेही तितकेच खाली येतात. जुन्या पद्धतीच्या फज फ्रॉस्टिंगसाठी ३०० ग्रॅम साखर, १५० मिलिलिटर दूध व ५० ग्रॅम कोको एकत्र उकळून ११३ ते ११५ अंशांपर्यंत न्यावे असे ग्रंथांत लिहिलेले असते. येथे थर्मामीटरवर तो आकडा येईपर्यंत वाट पाहिली तर तेवढ्यात पाक पुढे जातो आणि फ्रॉस्टिंग लावण्यापूर्वीच वडीसारखे आळते. येथे ११० ते ११२ अंशांवर भांडे खाली घ्यावे.

या ठिकाणी आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची रीत थर्मामीटरहून अधिक विश्वासार्ह ठरते, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्याची मऊ गोळी वळते का हे पाहणे, ही गोळीबंद पाकाची परीक्षा तापमान मोजत नाही, तर पाकात पाणी किती उरले आहे ते मोजते, आणि साखर-पाण्याचे ते प्रमाण कोकणात, पुण्यात अथवा देवनहळ्ळीत सारखेच असते. पाकात लिंबाचे चार थेंब पिळण्याची प्रथाही अशीच सकारण आहे. आम्लाने साखरेचा काही अंश ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागला जातो, आणि मग पाक रवाळ होत नाही. मात्र या पाकात दूध असल्याने लिंबाचा रस त्यात घालू नये, दूध फाटते. त्याऐवजी भांड्याच्या कडेवरील साखर ओल्या ब्रशने पुसून घ्यावी, आणि पाक ४५ अंशांपर्यंत निवेस्तोवर त्याला मुळीच हलवू नये. गरम असताना ढवळले तर मोजकेच पण मोठे स्फटिक बनतात. निवल्यावर ६० ग्रॅम बटर घालून घोटले तर असंख्य सूक्ष्म स्फटिक बनतात, आणि तोच लुसलुशीतपणा होय. घोटता घोटता चकाकी मावळू लागली की क्षणाचाही विलंब न लावता केकवर पसरावे.

या सर्व प्रकारांत माझा कौल मात्र एका चौथ्याच प्रकाराला आहे, ज्याची माहिती आपल्याकडे फारशी नाही. ४० ग्रॅम मैदा २५० मिलिलिटर दुधात कालवून, त्यात २०० ग्रॅम साधी साखर घालून, मंद आचेवर सतत ढवळत दाट होईपर्यंत शिजवावे आणि पृष्ठभागाला कागद लावून पूर्ण थंड करावे. नंतर २०० ग्रॅम फेटलेल्या बटरमध्ये चमच्या-चमच्याने घालून शेवटी ४० ग्रॅम चाळलेला कोको मिसळावा. कोको कोरडा न घालण्याच्या नियमास येथे अपवाद आहे, कारण शिजलेल्या मिश्रणात ओलावा आधीच पुरेसा असतो. साखर दुधात पूर्णपणे विरघळत असल्यामुळे रवाळपणाचा प्रश्नच उद्भवत नाही, अंडे लागत नाही, आणि गोडी बेताची राहते. मैद्यातील स्टार्च पाण्यास धरून ठेवतो, त्यामुळे फाटण्याची भीतीही कमी.

अंड्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १८९८ साली चिकपेठ भागात सुरू झालेल्या बी. बी. बेकरीपासून बंगळुरात अय्यंगार बेकऱ्यांची जी परंपरा वाढली, तिने शाकाहारी घरांना पाव व केकची गोडी लावली. आणि १९७५पासून नाताळाच्या सुमारास भरणाऱ्या वार्षिक केक प्रदर्शनात साखरेच्या भव्य कलाकृती पाहण्यास लोकांची रीघ लागते. हे शहर केकच्या बाबतीत श्रीमंत आहे. तरीही बेकऱ्यांतील क्रीम केकवर जे पांढरेशुभ्र क्रीम असते ते पुष्कळदा दुधाचे नसून वनस्पती चरबीचे असते, आणि लोण्याची चव त्यात शोधणे व्यर्थ आहे. अन्नातील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांवर आणली गेल्याने आरोग्याची एक चिंता कमी झाली असली, तरी चवीचा प्रश्न कायदा सोडवू शकत नाही. त्यासाठी घरीच लोणी फेटावे लागते.

एक स्थानिक सूचना आहे. देवनहळ्ळीची चक्कोते, म्हणजे आपले पपनस, भौगोलिक मानांकन मिळालेले फळ आहे. त्याच्या सालीचा केवळ बाहेरचा पिवळसर पापुद्रा बारीक किसणीवर किसून चमचाभर फ्रॉस्टिंगमध्ये घातला, तर चॉकलेटला एक प्रसन्न सुगंध येतो. आतील पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. आणि रस घालू नये, कारण तो म्हणजे पुन्हा पाणीच.

दुधाचे फ्रॉस्टिंग लावलेला केक फ्रिजमध्ये झाकून ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. वाढण्यापूर्वी मात्र तो तासभर आधी बाहेर काढण्यास विसरू नये. थंड लोणी जिभेवर विरघळत नाही, आणि इतक्या निगुतीने केलेल्या चॉकलेटचा वास त्यात कोंडलेलाच राहतो.